ओवी एकटी जाते

झुरिक,
भाद्रपद शुद्ध तृतीया

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पोळ्याच्या दिवशी फोनवर आई रागावली, "पाच वर्षांच्या लेकराला एकटं रस्त्यावर सोडतेस, डोकं ठिकाणावर आहे ना?" तेव्हा धड उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे 4 वर्षे पूर्ण झाली की बालवाडी सक्तीची असते, आणि सुरुवातीचे दिवस सरले की मुलाने आपल्या पायांनी यावे, आईबापांनी गाडीने तर मुळीच सोडू नये, अशी शाळेची अपेक्षा असते. मुलांच्या गळ्यात दुरून चमकणारा त्रिकोणी पट्टा असतो. पोलीस वर्गात येऊन 'थांब, बघ, ऐक, मग चाल' हे इथल्या बोलीत घोकून घेतात. शिवाय चाक पुरते थांबल्याखेरीज पाऊल उचलायचे नाही, गाडीवाल्याने हाताने 'जा' म्हटले तरीही नाही. (आपल्या नागपुरात, सीताबर्डीच्या चौकात हा नियम पाळणारा माणूस संध्याकाळपर्यंत फुटपाथवरच उभा राहील, असे बाबा म्हणतीलच.)

पहिले तीन दिवस मी झाडांआडून ओवीच्या मागे गेले, हे कबूल करते. गाड्यांना ती भ्यायली नाही. वाटेत एका घराच्या हिरवळीवर गवत कापणारे यंत्र आहे, कासवासारखे बुटके. जवळ कोणी नसताना ते घरघरत कुंपणापर्यंत येते आणि आपणच वळते. त्याच्यासमोर मात्र ती दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरून खिळून उभी राहिली. मी पुढे होणार होते, पण थांबले. यंत्राने पाठ फिरवताच ती पळत सुटली, आणि घरी आल्यावर त्याविषयी अवाक्षर बोलली नाही.

आई, मी सहा वर्षांची असताना तू मला इतवारीत एकटीला गूळ आणायला पाठवायचीस आणि उशीर झाला म्हणून रागवायचीस. पिवळ्या मारबतीचा, त्या अक्राळविक्राळ बाईचा, पुतळा घडत असायचा ती गल्ली टाळून मी लांबच्या बोळाने यायची, हे आज पहिल्यांदाच सांगते आहे.

बाबांनी परवा ओवीला इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या मारबतीची मिरवणूक व्हिडिओवर दाखवली ना? काल सकाळी मी कोपऱ्यावर उभी होते (तेवढी अजून जातेच), तर बाईसाहेब कुंपणाशी थांबून त्या यंत्राला दटावत होत्या, "घेऊन जा गे मारबत!"

इकडे कोणी येणारे असेल तर तिचा लाकडी नंदी नक्की पाठवा. मुलांचा तान्हा पोळा उलटला असला, तरी नंदी घेऊन बोजाऱ्याचे पैसे-खाऊ कोणकोणत्या घरी मागायचे, हे तिने ठरवून ठेवले आहे.

तुमची,
मुग्धा