भुलीची भीती घातलीत, दुखण्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला भुलीच्या इंजेक्शनांवरचा लेख वाचला आणि आज सकाळी साडेसातलाच मावशीचा फोन, मंगळवारचं गुडघ्याचं ऑपरेशन रद्द कर म्हणून. का, तर कमरेत इंजेक्शन घेतलं की जन्मभर कंबर दुखते असं तुमच्याकडे छापून आलंय. अहो, असं काही सिद्ध झालेलं नाहीये. टोचलेल्या जागी चार दिवस ठणकतं, काहींचं डोकं दुखतं कारण मणक्यातलं पाणी सुईच्या भोकातून झिरपतं, म्हणूनच तर हल्ली इतक्या बारीक सुया वापरतात. हे दोन ओळीत लिहिता आलं असतं.

पण माझा खरा राग वेगळा आहे. भुलीत काय होईल यावर अर्धं पान, आणि भूल उतरल्यावर पेशंटचं काय होतं यावर एक ओळ नाही. मागच्या वर्षी माझ्या बाबांचं, वय ७८, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, कमरेखाली बधिर केलेलं, बाबा आत डॉक्टरांशी गप्पा मारत होते. ती भूल दोन-तीन तासांत उतरली, भुलीचे डॉक्टर तोवर दुसऱ्या हॉस्पिटलला गेलेले, आणि रात्री अकराला बाबा उशीचा अभ्रा दातात धरून पडलेले. सिस्टरकडे डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध होतं पण बाबांचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी कमजोर, तिला ते औषध चालत नाही, त्यांनी दिलं नाही ते बरोबरच केलं, पण मग दुसरं काय? पॅरासिटामॉलची एक बाटली लावली, पुढची सहा तासांनी. पहाटेपर्यंत बाबा एकच विचारत होते, किती वाजले गं. सकाळी राउंडला सर म्हणाले, ऑपरेशन म्हटलं की दुखणारच काका.

एवढं नाही दुखायला पाहिजे. नंतर कळलं की मांडीच्या नसेपाशी सुन्न करणारं इंजेक्शन देता येतं, भुलीचेच डॉक्टर देतात, ब्लॉक म्हणतात त्याला, रात्र निभावून जाऊ शकते. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आणि मॉर्फिन, अफूपासून बनणारं ते जोरदार वेदनाशामक? तुमच्या लेखात मॉर्फिन म्हणजे फक्त व्यसन. श्वास मंदावतो हे खरंय, म्हणून तर बोटाला ऑक्सिमीटर लावून, लक्ष ठेवून, मोजून द्यायचं. शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि इथे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धास्तीने कितीतरी हॉस्पिटलं मॉर्फिन ठेवतच नाहीत, २०१४ ला नियम सैल केले तरीही. यावर लिहा ना.

अजून एक. त्याच लेखाच्या खाली संधिवात मुळापासून घालवणाऱ्या तेलाची जाहिरात होती. अशा दाव्यांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरच्या कायद्याने बंदी आहे, तुम्हाला हे माहीत असणारच. मावशीने तो नंबर लिहून घेतलाय.

मंगळवारच्या आत खुलासा छापलात तर फार उपकार होतील. मी समजावून दमले, तिचा माझ्यापेक्षा तुमच्या पेपरवर जास्त विश्वास आहे.

आपली,
एक वाचक, कराड