पुतळ्याखाली शिल्पकाराचेही नाव हवे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सेंट पीटर्सबर्गवरचा प्रवासलेख वाचला. नेवा नदीकाठच्या रशियन सम्राट पीटर द ग्रेटच्या अश्वारूढ पुतळ्याचे छायाचित्र झकास आहे. चौथऱ्याचा अजस्र दगड चारशे माणसांनी पितळी गोळ्यांवरून कसा ओढत आणला, हेही लेखकाने चवीने सांगितले आहे. मात्र हा पुतळा घडवला कोणी, याचा लेखात पत्ताच नाही!

तो घडवला एतिएन फाल्कोने या फ्रेंच शिल्पकाराने. पॅरिसच्या सुताराचा हा मुलगा. विचारवंत दिदेरोच्या शिफारशीवरून सम्राज्ञी कॅथरीनने त्याला बोलावले आणि १७६६ साली, वयाच्या पन्नाशीत, तो रशियाला गेला. मागच्या दोन पायांवर उभा ठाकलेला घोडा हुबेहूब साधावा म्हणून त्याने मातीचा उंचवटा करून घेतला. स्वार भरधाव घोडा त्यावर चढवून लगाम खेचायचा आणि फाल्कोने तेवढ्या क्षणात रेखाटन करायचा. हे कितीतरी वेळा चालले. एवढा धातूचा भार दोन पायांवर पेलणे अवघड, म्हणून टाचांखाली चिरडलेला साप शेपटीला टेकवून तिसरा आधार काढला. पीटरचा चेहरा मात्र त्याची तरुण शिष्या मारी-आन कोलो हिने घडवला. तिचे नाव तर आणखीच मागे पडले.

१७७५ मध्ये ओतकामाच्या वेळी तापलेला धातूचा रस बाहेर फुटला, कार्यशाळेला आग लागली. येमेल्यान खाइलोव्ह हा ओतारी जागचा हलला नाही, म्हणून बरेचसे काम वाचले. वरचा भाग पुन्हा ओतावा लागला. त्यात कामावर देखरेख करणाऱ्या बेत्स्कोय या अधिकाऱ्याशी रोजची खडाजंगी. अखेर १७७८ मध्ये फाल्कोने वैतागून रशिया सोडून गेला. चार वर्षांनी अनावरण झाले, त्याचे साधे आमंत्रणही त्याला नव्हते. चौथऱ्यावर नावे दोनच, पीटर आणि कॅथरीन.

पण गडी हुशार. पीटरच्या झग्याच्या चुणीत त्याने आपले नाव आधीच कोरून ठेवले होते. आपल्या छायाचित्राखालीही ते एका ओळीत बसले असते. यापुढे पुतळ्यांची छायाचित्रे छापताना छायाचित्रकाराच्या नावाशेजारी शिल्पकाराचेही नाव द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, सांगली