वरणाच्या पाण्यावर केमो झेपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जठराच्या कर्करोगाचा रुग्ण खंगू लागला की घरचे म्हणतात, ‘आजारच तसा आहे.’ काही भाग आजाराचा असतोच. पण मोठा भाग पोटात पुरेसे न गेल्याचा असतो आणि त्यावर उपाय आहे. मात्र आहार हाही उपचार आहे, औषधासारखी त्याचीही मात्रा असते, हे रुग्णाला कोणी नीट सांगत नाही.

मात्रा अशी : दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने. म्हणजे ५० किलोच्या माणसाला १२५० ते १५०० किलोकॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टर बदलतात.) प्रत्यक्षात दिले काय जाते? भाताची पेज, साबुदाण्याची खीर, वरणाचे वरचे पाणी. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळे आणतो. एका शहाळ्याच्या पाण्यात जेमतेम ५०-६० किलोकॅलरी, प्रथिने नावालाच. साबुदाण्यात प्रथिने जवळपास नाहीत. वरणाची डाळ पातेल्याच्या तळाशी राहते आणि पाणी रुग्णाच्या वाटीत जाते. या रुग्णाच्या पोटात जागा मुळातच कमी. ती पाण्याने भरली की खऱ्या अन्नाला उरत नाही.

त्याच जागेत जास्त ताकद बसवायची. दोन अंडी १२ ग्रॅम प्रथिने देतात, ५० ग्रॅम पनीर ९, ५० ग्रॅम कोरडी मूगडाळ १२, अर्धा लिटर दूध १६, २० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट ५. बेरीज ५४. अंडी न खाणाऱ्यांनी पनीर १०० ग्रॅम करावे. मऊ खिचडीत चमचाभर तूप घातले तर वाटी तेवढीच राहते आणि ४५ किलोकॅलरी वाढतात. शस्त्रक्रियेनंतर अनेकांना दूध पचत नाही, पोट गुबारते. त्यांना दही चालते. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडची नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, पण पीठ भिजवून, गाळून, शिजवून.

‘साखर तोडली की गाठ उपाशी मरते’ हा समज फार नुकसान करतो. त्यापायी भात, फळे, दूध सगळेच बंद होते. गाठ उपाशी मरत नाही. ती वाढायची तशी वाढते आणि झिजतो तो रुग्णाचा स्नायू. मग केमोची मात्रा कमी करावी लागते किंवा तारीख पुढे ढकलावी लागते. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरले असेल, म्हणजे ६० चे ५४ च्या खाली, तर शस्त्रक्रियेआधी ७ ते १४ दिवस केवळ पोषणासाठी देणे हिताचे असते. ‘ऑपरेशन लांबवतात’ म्हणून नातेवाईक रागावतात. ते दिवस वाया जात नाहीत, त्या दिवसांत टाके धरण्याची ताकद येते.

जठर काढल्यावर गोडाचा प्रश्न मात्र खरा आहे, पण कारण वेगळे. अन्न थोडे थोडे खाली सोडणारी पिशवीच उरत नाही. उसाचा किंवा द्राक्षाचा रस, शिरा, गोड चहा थेट लहान आतड्यात उतरतात आणि पाणी ओढून घेतात. अर्ध्या तासात धडधड, घाम, कळा, जुलाब. काहींची साखर एक ते तीन तासांनी एकदम खाली येते, चक्कर येते. म्हणून दिवसातून सहा ते आठ वेळा अर्धी-पाऊण वाटी, प्रत्येक घास बारीक चावून. पाणी जेवणासोबत नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर. संडास पांढरट, तेलकट, तरंगणारी होत असेल तर तूप तोडून गप्प बसू नये, डॉक्टरांना सांगावे.

पूर्ण जठर काढले असेल तर ब-१२ जीवनसत्त्व अन्नातून शोषले जात नाही. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून ‘आता बरे आहे’ असे वाटून इंजेक्शन सुटते आणि पुढे पायांना मुंग्या येतात, तोल जातो. ते आयुष्यभर, सांगितलेल्या तारखांना घ्यायचे. लोह आणि ड जीवनसत्त्वही तपासत राहावे.

पोटातून आतड्यात नळी बसवलेली असेल तर फीड (नळीतून द्यायचे पातळ अन्न) हळूहळू ठिबकत द्यावे, पिचकारीने एकदम ढकलू नये. आतडे ते सोसत नाही. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच. आधी आणि नंतर ३० मिली कोमट पाण्याने नळी धुवावी. नळ्या तुंबतात त्या बहुधा कुटलेल्या गोळ्यांनी आणि न गाळलेल्या घरगुती फीडने. एप्रिल-मेच्या उन्हात घरचे फीड दोन तासांपेक्षा जास्त टांगून ठेवू नये. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा देऊ नये. रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम घसरून जिवावर बेतू शकते.

केमोत ऑक्सॅलीप्लॅटिन हे औषध असेल तर काही दिवस थंड पाणी, आइस्क्रीम टाळावे, घशात विचित्र झिणझिण्या येतात.

शहरातल्या रुग्णालयांना विनंती : डिस्चार्ज कार्डावर ‘हलका आहार’ एवढे दोन शब्द लिहून थांबू नका. किती ग्रॅम, किती वाट्या, किती वेळा, हे मराठीत लिहा आणि प्रत्येक भेटीला वजन नोंदवा. पेठ-सुरगाण्याहून दर आठवड्याला नाशिकला येणे जमत नाही. गावच्या उपकेंद्रातल्या एकाच काट्यावर दर आठवड्याला वजन करता येते. आठवड्यात किलोभर उतरले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करावा. पायांवर किंवा पोटात पाणी धरले असेल तर काटा फसवतो, तेव्हा दंडाचा घेर मोजून तोही वहीत लिहावा.

– कर्करुग्णांसाठी काम करणारे आहारतज्ज्ञ व परिचारिका, नाशिक