काच दुरुस्त करायला गेलो आणि टायमिंग बेल्ट बदलून आलो, त्याबद्दल आभार

आदरणीय चाचा,

स. न. वि. वि.

आपले नाव कुठेही छापायचे नाही, ही आपलीच अट असल्यामुळे ‘कराडमधले आमचे मिस्त्री’ एवढ्याच ओळखीवर हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे.

मी आपल्याकडे आलो होतो तो डाव्या खिडकीची काच अडकते म्हणून. आपण सवयीने बॉनेट उघडलेत आणि ऑइलची पट्टी पुसता पुसता विचारलेत, “टायमिंग बेल्ट कधी बदललाय?” ही 2014 ची डिझेल डस्टर मी जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून घेतली, तेव्हा “हिला बेल्टऐवजी चेन आहे, बघायलाच लागत नाही,” असे त्याने छातीठोकपणे सांगितले होते. तेच मी आपल्याला ऐकवले. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या डिझेल गाड्यांत 1.3 लिटरचे चेनवाले इंजिन असल्यामुळे डिझेल म्हटले की चेन असा लोकांचा समज झाला आहे, हे आपण शांतपणे सांगितलेत आणि वरचे प्लास्टिकचे कव्हर सोडवून आतला बेल्टच दाखवलात.

तरीही मी हुज्जत घातली, कारण मीटरवर जेमतेम 58 हजार किलोमीटर होते आणि बहुतेक गाड्यांचा बेल्ट 60 हजार ते 1 लाखाच्या दरम्यान बदलतात, एवढे मीही ऐकून होतो. त्यावर आपण गाडीची पुस्तिका काढायला लावलीत. किलोमीटर आणि वर्षे असे दोन्ही आकडे तिच्यात होते, आणि यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरायचे होते. गाडी उभी असली तरी रबर वाळतच असते, टायरची नक्षी शाबूत असतानाही कडेला भेगा पडतात ना, तसेच हे, असे आपण म्हणालात. आधीच्या मालकाने बेल्ट बदलला असेल, ही माझी शेवटची आशाही आपण एका वाक्यात निकालात काढलीत: “बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं.”

हा बेल्ट तुटला तर नेमके काय होते, हे त्याआधी मला कोणी इतके नीट समजावले नव्हते. क्रँकच्या (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) दोन फेऱ्यांमागे कॅमची (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एक फेरी, हे गणित हा दातेरी पट्टा सांभाळतो. म्हणजे इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असताना आठांपैकी प्रत्येक व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडतो आणि पिस्टन वर येण्याच्या आत मिटतो. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याचे प्रमाण, जास्त, त्यामुळे पिस्टनच्या माथ्यावर जागा उरते ती अगदी थोडी. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, क्रँक मात्र वेगाने फिरत राहतो आणि वर येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. पंख्याचा बेल्ट निदान किंचाळून सूचना देतो, हा तेवढेही करत नाही. गणपतीला आम्ही कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरणार होतो. वळणावर इंजिन बंद पडले असते तर स्टिअरिंग जड झाले असते आणि दोन-चार वेळा पेडल दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा लागला असता. मागच्या सीटवर आई असणार होती.

नुसता बेल्ट बदलून द्या, असेही मी म्हणून पाहिले. आपण बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची जुनी पुली माझ्या हातात देऊन बोटाने फिरवायला सांगितलीत. बेअरिंगमधले ग्रीस सुकून गेले होते आणि ती कोरडी खरखरत होती. याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप सहा महिन्यांनी गळू लागला, तर पुन्हा इंजिनखाली जॅक लावायचा, पुन्हा इंजिनचा आधार (माउंटिंग) सोडवायचा, मजुरी पुन्हा तेवढीच. म्हणून बेल्टबरोबर टेन्शनर आणि पंप एकदमच बदलले, आणि प्रत्येक भागाचे बिल आपण वेगळे दिलेत, हे मुद्दाम नोंदवतो.

नवा बेल्ट चढवल्यावर आपण लगेच चावी फिरवली नाहीत, हे मला सर्वांत भावले. क्रँक आणि कॅम जागेवर धरून ठेवणाऱ्या लॉकिंग पिना काढून आपण पान्याने क्रँक हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवलात, खुणा पुन्हा जुळल्या का ते टॉर्च मारून पाहिलेत आणि मगच स्टार्टर दिलात. बाहेर पोराटोरांची घाई चालली होती, पण आपण मान वर केली नाहीत.

काढलेला बेल्ट आपण वर्तमानपत्रात गुंडाळून दिला होता. घरी तो उलटा वाकवून पाहिला, तेव्हा दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा दिसल्या आणि एका कडेला आतल्या दोऱ्याचे तंतू सुटलेले होते. तो मी टाकलेला नाही, सोसायटीत ज्यांनी जुनी गाडी घेतली आहे त्यांना दाखवतो.

चिपळूणला जाऊन आम्ही सुखरूप परत आलो. बॉनेटच्या आत आपण मार्करने लिहिलेली तारीख आणि किलोमीटर पुसले जाऊ नयेत म्हणून त्यावर पारदर्शक टेप लावली आहे. आपले मनापासून आभार.

काच मात्र अजून अडकते. रविवारी येतो.

आपला नम्र,
पांढऱ्या डस्टरवाला