मधुमेहाच्या तपासणीत हिरड्या का नाहीत?

महोदय,

‘दात सरळ करा, पचन सुधारेल, साखरही उतरेल’ अशा आशयाच्या जाहिराती हल्ली वारंवार दिसतात. मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे, मला मधुमेह आहे आणि माझे खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले आहेत. म्हणून हे पत्र.

वरच्या-खालच्या दाढा नीट जुळत नसतील तर घास बारीक होत नाही, हे खरे. पण जठर आणि आतडी बरेच सांभाळून घेतात. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधक फॅरेल यांच्या प्रयोगात अन्न जाळीच्या छोट्या पिशव्यांत घालून, चावलेले आणि न चावलेले, लोकांना गिळायला दिले होते. मासे, अंडी न चावताही पचली. मांस आणि काही भाज्या मात्र चावल्याशिवाय पूर्ण पचल्या नाहीत. तेव्हा वाकड्या दातांमुळेच पित्त होते असे सांगून कोणाला तारा लावायला भाग पाडणे मला पटत नाही.

साखरेचा संबंध मात्र आहे, आणि तो हिरड्यांतून जातो. दाटीवाटीच्या दातांमध्ये ब्रश पोचत नाही, कीटण साचते, हिरड्या सुजतात. ही सूज जुनी झाली की तिचा परिणाम रक्तापर्यंत जातो, इन्सुलिनचे काम अडते. आणि साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात. कॉक्रेन या, वैद्यकीय संशोधने एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२२च्या आढाव्यानुसार हिरड्यांवर उपचार केलेल्या मधुमेहींचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा, टक्क्यांत मोजला जाणारा रक्ततपासणीचा आकडा) तीन-चार महिन्यांनी, उपचार न घेतलेल्यांच्या तुलनेत, सरासरी ०.४३ टक्क्याने कमी होते. हा फायदा हिरड्या साफ करण्याचा आहे, दात सरळ करण्याचा नव्हे.

माझे डोळे, पाय, मूत्रपिंड दरवर्षी तपासले जातात. ब्रश करताना रक्त येते का, हे मात्र कोणत्याच डॉक्टरांनी कधी विचारले नाही. खरे तर हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही! मधुमेहाच्या प्रत्येक तपासणीत तो असावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ज्यांना दात सरळ करून घ्यायचेच आहेत त्यांनी आधी हिरड्या दाखवून घ्याव्यात. सुजलेल्या हिरड्यांतले दात सरकवले तर त्यांना धरून ठेवणारे हाड अधिक झपाट्याने झिजू शकते. आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या हिरडीतज्ज्ञाने यावर सविस्तर लिहावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका