‘मणक्यात गॅप’ आणि पाऊण इंच

मा. संपादक,

आपल्या रविवारच्या अंकात तरुणांच्या पाठदुखीवर लेख आला होता. मोबाइल, खुर्ची, गादी, सगळ्यांना दोष देऊन झाला. पण ‘सकाळी उठल्यावर कसं असतं?’ हा प्रश्न त्यातही राहिला. माझ्या मुलालाही तो चार वर्षांत कुणी विचारला नव्हता.

मी कराडला शिंपीकाम करतो. मुलगा १९ व्या वर्षी कंबर धरून बसू लागला. एक्स-रे काढून ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगण्यात आलं. (मणक्या-मणक्यांत जागा असायचीच; मग ही गॅप कुठली, हे मला अजून कळलेलं नाही.) कमरेला पट्टा झाला, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) झालं, तीन आठवडे झोपवून ठेवलं. झोपून तो जास्तच आखडला. पहाटे तीन-चारला उठून गल्लीत फेऱ्या मारायचा, म्हणायचा, चाललं की बरं वाटतं. आम्हाला वाटलं, पोराचं कुठंतरी जुळलंय, फोनवर बोलत असेल.

मध्येच एकदा उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना. डोळे आले म्हणून थेंब घातले. डोळ्याचा आणि कमरेचा आजार एकच असू शकतो हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मला पहिली शंका आली ती शर्टावरून. गेल्या दिवाळीला त्याचा शर्ट बेतताना मागची उंची पाऊण इंच वाढवावी लागली. पुढून चुण्या पडत होत्या. अशी पाठ माझ्या साठीच्या गिऱ्हाइकांची असते, तेवीस वर्षांच्या पोराची नाही.

पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे गेलो. एसटीत जागा असून तो अर्धा रस्ता उभाच होता. डॉक्टरांनी आधी सकाळचंच विचारलं. आखडलेपण किती वेळ राहतं? तास-दीड तास. हालचाल केल्यावर सुटतं की वाढतं? सुटतं. सुजेच्या पाठदुखीची हीच खूण, म्हणाले. मग त्यांनी टेप काढला. कमरेच्या दोन खळ्यांच्या रेषेत पेनाने एक खूण, तिच्या १० सेंटिमीटर वर दुसरी, ५ खाली तिसरी. वाकायला सांगितलं. वरच्या-खालच्या खुणांतलं १५ सेंटिमीटर अंतर वाकल्यावर निदान २० व्हायला हवं. त्याचं १७ झालं. माझा उभा जन्म टेप गळ्यात घालून गेला, आणि हे माप मला माहीत नव्हतं.

एमआरआयमध्ये कमरेखाली, पाठीचा कणा जिथं खुब्याच्या हाडांना जुळतो, त्या सांध्यांना सूज दिसली. साध्या एक्स-रेत हे दिसायला वर्षं लागू शकतात म्हणे. रक्तात एचएलए-बी२७ (या आजाराशी नातं असलेली आनुवंशिक खूण) पॉझिटिव्ह आलं. पण ते धडधाकट माणसांतही येतं, नुसत्या त्या रिपोर्टवर निदान करत नाहीत, हेही डॉक्टरांनी बजावलं. आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याच्या सांध्यांना सूज आणणारा संधिवात. सुजेच्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम पुरेना, तेव्हा दर पंधरवड्याला अडॅलिमुमॅब या सूज दाबणाऱ्या औषधाचं इंजेक्शन सुरू झालं. त्याआधी टीबीची तपासणी केली, कारण दबलेला टीबी या औषधानं उठू शकतो. खर्च दुकानाच्या भाड्यापेक्षा जास्त आहे, ते वेगळं रडगाणं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तरुण पेशंटला ‘गॅप’ सांगण्याआधी सकाळचं विचारावं. आणि जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस तरी संधिवाताची ओपीडी असावी. दर वेळी पुण्याला जायचं म्हणजे माझं दुकान बंद आणि त्याचा पगार कापला जातो.

यंदाच्या दिवाळीचा शर्ट परवाच बेतला. मागची उंची गेल्या वर्षीएवढीच ठेवली.

एक शिंपी, कराड