सडा दोन राज्यांचा आहे, मग राखण वेगवेगळी का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कातळशिल्पांच्या, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रांच्या, बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात, फोटोही छान असतात, वाचून बरं वाटतं. पण दरवेळी बातमी चित्रापाशी थांबते आणि ज्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, ते चित्र आहे त्या सड्याचं काय, हे राहूनच जातं. माझं गाव राजापूर तालुक्यातलं आणि नोकरी मडगावला, त्यामुळे सड्याचा रत्नागिरीकडचा भाग आणि गोव्याकडचा भाग दोन्ही माझ्या ओळखीचे आहेत, म्हणून लिहावंसं वाटलं.

२०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली. त्यात नऊ ठिकाणं आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि नववं गोव्यातलं, कुशावती नदीच्या काठावरचं पणसायमळ, ज्याला बरेच जण उसगाळीमळ म्हणतात. म्हणजे जगापुढे जाताना आपणच सांगितलं की हा सगळा एकच वारसा आहे, राज्यं दोन असली तरी. आणि प्रत्यक्षात काय, तर पत्रादेवीचा नाका आला की महाराष्ट्राचं पुरातत्त्व खातं संपतं, वनखातं संपतं, जमिनीचे कागदसुद्धा बदलतात. दोन्ही राज्यांनी मिळून या सड्याकडे बघायचं असं एकही कायमचं मंडळ नाही.

सडा म्हणजे काय हे कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. जांभ्या दगडाची मैलोनमैल सपाट पठारं, उन्हाळ्यात तापून काळी पडलेली, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं इथे काहीच नाही. पण जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी भेगांमधून आत मुरतं आणि सड्याच्या पायथ्याला झरे, पऱ्ये, विहिरी होऊन बाहेर येतं, खालच्या वाड्या तेच पाणी पितात. जून लागला की त्याच कातळावरच्या वीतभर मातीत आणि साचलेल्या डबक्यांत गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशी फुलं येतात. एक दीपकाडी तर जगात फक्त कोकण-गोव्याच्या अशा सड्यांवरच उगवते. सुट्या दगडांखाली फुरसं असतं, पाली असतात, देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) असतं. आणि याच दगडावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी काशेळीला जवळपास १८ मीटर लांबीचा हत्ती कोरला आणि त्या हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरले. देवाचे गोठण्याच्या चित्राजवळ होकायंत्र नेलं तर सुई चुकीची दिशा दाखवते. शिल्पांमध्ये गेंडासुद्धा आहे, आज कोकणात गेंडा नाही, म्हणजे इथली हवा, इथलं रान एकेकाळी वेगळं होतं याची ही नोंदच म्हणायची. बदलत्या हवामानावर एवढं बोलतो आपण आणि जुन्या हवामानाचा असा पुरावा आपल्याकडे उघड्यावर पडलाय, याचं मला फार वाटतं.

आता अडचण कुठे आहे ती सांगतो. सातबाऱ्यावर ही जमीन पोटखराब (लागवडीला निरुपयोगी) नाहीतर वरकस (हलकी) म्हणून लागलेली. पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह क्षेत्राचे मसुदे २०१४ पासून निघतायत, सहावा २०२४ च्या जुलैमध्ये निघाला, पण ते मुख्यतः घाटाकडच्या गावांसाठी. सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीचे बांधकामाचे नियम, लागतं ते भरतीच्या रेषेपासून फार तर ५०० मीटरपर्यंत. मधला सडा या दोन्हींत बसत नाही आणि झाडं नाहीत म्हणून जंगलातही धरत नाहीत. म्हणून मग चिरेखाण काढायची तर सडा, प्रकल्प आणायचा तर सडा, विमानतळ करायचा तर सडा. २०२१ ला चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२२ च्या डिसेंबरमध्ये मोपाचं उद्घाटन झालं, दोन्ही पठारावर, एक सिंधुदुर्गात आणि एक सीमेपलीकडे गोव्यात. मी विमानतळांच्या विरोधात नाही, मीही त्यातून जातो. पण ज्या पठारांवरून खालच्या गावांना पाणी मिळतं ती एकामागून एक जातायत आणि एकूण किती गेली याचा दोन्ही राज्यांचा मिळून हिशोब कोणीतरी ठेवायला नको का?

आंब्याचंही बोलायलाच हवं, नाहीतर पत्र खोटं होईल. सुरुंग लावून कातळात खड्डे करायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि कलमं लावायची, असं कित्येक सड्यांवर चाललंय. यात बागायतदाराला शिव्या घालण्यात अर्थ नाही, एकतर जमीन त्याची, दुसरं म्हणजे अवकाळी, थंडी नीट न पडणं, थ्रिप्सची कीड या सगळ्यात तोच पहिला भरडला जातोय. पण अभ्यासकांनी सड्यांवर फिरून बघितलंय की कातळावर सापडणारे काही बेडूक आंबा बागेत आणि भातखाचरात कमी होतात, कारण सुटे दगड हलतात, पाणी साचण्याची पद्धत बदलते. त्या शेतकऱ्याला सडा आहे तसा ठेवण्याचे पैसे मिळाले तर तो सुरुंग लावेल का, हा प्रश्न सरकारनं त्याला एकदा तरी विचारावा.

हवामानाचं म्हणाल तर २०२० ला निसर्ग वादळ, २०२१ च्या मे मध्ये तौक्ते, त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणचा पूर, २०२५ ला तर मान्सून मे महिन्यातच कोकणात. सड्यावरच्या वनस्पतींचं सगळं आयुष्य तीन-चार महिन्यांचं, त्यात पाऊस लवकर येऊन मग दडी मारून बसला तर ती वीतभर माती काही दिवसांत वाळते आणि बी धरायच्या आत रोप जातं. उलट धो धो पडला तर मुरणारा सडा पाणी धरतो, खणलेला आणि सिमेंट घातलेला सडा ते थेट खाली सोडतो. आणि शिल्पं तर बोटभर खोल रेषांची आहेत, त्यावरून डंपर गेला, वणवा गेला, की संपलं. कुंपण घातलं की शिल्प वाचलं असं आपण धरून चालतो, पण शेजारी चिरेखाण चालू असेल तर कुंपणाच्या आत नुसता कोरलेला दगड राहील, सडा राहणार नाही.

दोन राज्यं एकत्र येत नाहीत असंही नाही. तिलारी धरण महाराष्ट्र आणि गोवा दोघांचं आहे, १९९० ला करार झाला, खर्च आणि पाणी वाटून घेतलं, त्यासाठी संयुक्त मंडळ बसलं, आज गोव्यात नळाला तिलारीचं पाणी येतं. वाद झाले, कालवे फुटले, तरी करार टिकला. धरणाच्या पाण्यासाठी जे जमलं ते कातळात मुरणाऱ्या पाण्यासाठी का जमू नये? हत्तींचंही तेच, २००२ पासून कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात येतायत, पुढे गोव्यात जातात, परत येतात. प्रत्येक वेळी तिन्ही राज्यांच्या वनखात्यांना एकमेकांना विचारावंच लागतं, मग ही विचारपूस हत्ती शेतात आल्यावरच का, आधीपासून नियमित का नको?

गावकऱ्यांना घेऊन काम कसं करायचं याचा धडा साताऱ्यात आहे. कास पठार २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झालं, तिथे आसपासच्या गावांची समिती वनखात्यासोबत फुलांच्या हंगामात गर्दी सांभाळते, फी घेते, रोजच्या माणसांवर मर्यादा आहे, गावातल्या पोरांना काम मिळतं. सगळं आदर्श आहे असं नाही, शनिवार-रविवारची गर्दी मी बघितलीय. पण तिथली बरीच जमीन वनखात्याची, आपल्याकडचा सडा खाजगी आणि तोही सामायिक, एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबईला. म्हणून कासची नक्कल चालणार नाही, इथे जमीनमालकांना भाडं द्यावं लागेल.

रत्नागिरीतल्या हौशी अभ्यासकांनी, सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी, स्वतःच्या खिशातून गावोगाव फिरून शिल्पं शोधली. उसगाळीमळची शिल्पंसुद्धा १९९३ च्या सुमारास स्थानिक लोकांनी सांगितल्यामुळेच पुरातत्त्व खात्याला कळली. लोकांनी त्यांचं काम केलंय, आता सरकारांची पाळी आहे.

माझं म्हणणं एवढंच की युनेस्कोचा अंतिम प्रस्ताव जाण्याआधी महाराष्ट्र आणि गोव्यानं तिलारीसारखं एक संयुक्त मंडळ करावं, त्यात पुरातत्त्व, वन, भूजल आणि महसूल ही चारही खाती असावीत आणि ज्यांच्या सड्यावर शिल्पं आहेत त्या ग्रामपंचायतींची माणसं मतासकट असावीत, नुसती पाहुणे म्हणून नाही. हद्द आखताना शिल्पाभोवतीचे चार गुंठे न धरता पूर्ण सडा आणि त्याच्या पायथ्याचे झरे धरावेत. मालकांना दरवर्षी ठरलेलं भाडं त्यांच्या खात्यात जावं. आणि सगळ्यात आधी एक काम, ज्याला फार पैसेही लागत नाहीत. महाराष्ट्रात सातबाऱ्याच्या इतर हक्कात आणि गोव्यात फॉर्म १-१४ वर, म्हणजे तिथल्या सातबाऱ्यावर, कातळशिल्पाची नोंद घालावी, म्हणजे उद्या चिरेखाणीचा किंवा बिनशेतीचा अर्ज आला की तहसीलदारासमोर ती नोंद आपोआप येईल. नऊ गावांपासून सुरुवात केली तर मला वाटतं एका पावसाळ्यात हे होऊ शकतं. आपल्या वार्ताहरांनी राजापूरच्या तहसीलदार कचेरीत आणि सांगेच्या मामलेदार कचेरीत जाऊन विचारावं, की अशी नोंद आज किती गटांवर आहे, आणि मिळेल तो आकडा छापावा.

आपला,
एक वाचक, मडगाव
(मूळ गाव राजापूर तालुका)